नकाराचे कारण

“जर्मनी,” दातांचे डॉक्टर साबणाच्या फेसातून म्हणाले. “दुसरा विचारच करू नका.”

“बरोबर,” दादा म्हणाले आणि त्यांनी वस्तरा डॉक्टरांच्या हनुवटीखाली नेला.

डॉक्टर दर सोमवारी सकाळी साडेआठला दाढीला येत. दिवसभर लोकांच्या तोंडात दोन-दोन हत्यारे घालून “मग, मुलं काय करतात?” असे विचारायची त्यांना सवय होती, आणि उत्तर येत नाही याचीही. त्यामुळे स्वतः खुर्चीत बसले की ते दोन्ही बाजूंचे बोलून घेत.

“तिथं शिस्त आहे. पोरगी काय शिकणार म्हणालात?”

“सांडपाणी.”

“म्हणजे?”

“गटाराचं पाणी साफ करून परत नळाला सोडायचं. त्याचं मोठं शास्त्र असतं म्हणे.”

“परत नळाला? प्यायला?”

“बरोबर.”

“मग जर्मनीच! असलं काम शिस्तीशिवाय करू नये माणसानं. पक्कं करून टाका.”

“बरोबर. पक्कं.”

आता, दादांच्या मनात जर्मनीविषयी काहीही नव्हते. बरोबर म्हणणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले, त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की गिऱ्हाइकाच्या नरड्याशी पाते असताना त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की गिऱ्हाईक मान हलवते, मान हलली की रक्त येते, आणि रक्त आले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. तीस वर्षे दादांनी हे पाळले. एका निवडणुकीत उभे असलेले चारही उमेदवार एकाच आठवड्यात दाढी करून गेले, आणि आपण निवडून येणार याची चौघांनाही खात्री पटली. दुकानाच्या पाटीवर काय लिहिले आहे ते कुणी वाचत नसे. सगळा बाजार त्यांना बरोबरदादा म्हणे.

दुकानात हे चालून जात होते. घरी मात्र त्याने पेच पडला होता.

दादांच्या एकुलत्या एक मुलीला तीन देशांतल्या तीन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. जर्मनी, आयर्लंड आणि कॅनडा. शुक्रवारपर्यंत एकाला हो आणि दोघांना नाही कळवायचे होते, नाहीतर तिन्ही जागा जाणार होत्या. मुलगी हुशार. तिने मोठा तक्ता केला होता. थंडी, भाषा, राहायची सोय, विमानातले तास, प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण. तीन वेळा बेरीज केली. तिन्ही वेळा तिन्ही देशांना एकतीसच गुण पडले.

“बाबा, आता तुम्हीच सांगा,” रविवारी सकाळी ती म्हणाली होती.

“तू म्हणशील ते बरोबर.”

“मी काही म्हणतच नाहीये. मी विचारतेय.”

“विचारतेस तेही बरोबरच आहे.”

“बाबा, मी गिऱ्हाईक आहे का तुमची?”

यावरही दादांच्या तोंडून बरोबर निघणार होते, पण तेवढे त्यांनी गिळले.

असा पेच या घरात पूर्वी कधी आला नव्हता, कारण ठरवण्याचे काम दादांच्या बायकोकडे होते. ती दीड वर्षापूर्वी गेली. तिला नाही म्हणायला अर्धा सेकंद पुरत असे. ती गेल्यापासून घरात पाण्याचे दोन फिल्टर, एक व्यायामाची सायकल आणि बालविश्वकोशाचे अकरा खंड आले होते. दारावर आलेल्या विक्रेत्यांनाही दादा बरोबरच म्हणाले होते.

खरे सांगायचे तर दादांना मत होते. पण ते कुठल्याच देशाच्या बाजूचे नव्हते. पोरगी गेली की संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायचे आणि कुलूप आपणच उघडायचे, एवढे एकच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर येई. हे बोलून दाखवले तर पोरगी एका शब्दावर राहील, हेही त्यांना माहीत होते. म्हणून ते बोलत नव्हते. आणि न बोलता दिवस काढायला बरोबर या शब्दाइतकी सोयीची गोष्ट नव्हती.

मंगळवारी भूगोलाचे मास्तर आले. मास्तर निवृत्त होते. त्यांनी छत्तीस वर्षे जगातल्या सगळ्या देशांचे पर्जन्यमान शिकवले होते आणि स्वतः जिल्ह्याबाहेर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला.

“पाण्याचं शिकायचंय ना?” मास्तर म्हणाले. “मग जिथं पाणी पडतं तिथं जावं. आयर्लंड! बारा महिने पाऊस. कोरड्या देशात जाऊन ती साफ काय करणार, वाळू?”

“बरोबर.”

“मग आयर्लंड पक्कं समजू?”

वस्तरा मास्तरांच्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली होता. ही जागा अशी आहे की तिथे कुठलाही शहाणा कारागीर कुणालाही नाही म्हणणार नाही.

“पक्कं समजा,” दादा म्हणाले.

मास्तर तोंडाला तुरटी लावून उठले ते थेट शाळेच्या माजी विद्यार्थी संघाकडे गेले. त्या संघाला सात वर्षांत सत्कार करायला कुणी मिळाले नव्हते. गुरुवारी सकाळी दहाची वेळ ठरली.

दुपारी शेजारच्या दुकानातले टेलरमामा केस कापायला बसले. त्यांचा मेहुणा कॅनडात होता.

“दादा, तिथं माणूस थुंकला ना, तर खाली पडेस्तोवर गोटी होते!”

“बरोबर.”

“मेहुण्यानं स्वतः बघितलंय. म्हणजे स्वतः थुंकलाय. पण पोरीनं जावं तर तिथंच. मी आहे ना, कोटाची काळजी सोडा.”

“बरोबर. पण माप?”

“पहिल्या वाढदिवसापासून तिचे फ्रॉक शिवतोय मी. माप डोळ्यांत आहे.”

टेलरमामांनी त्याच दुपारी दोन रजया उसवल्या.

बुधवारी सकाळी सातला दादांच्या दारावर थाप पडली. दारात एक उंच बाई उभ्या होत्या. हातात खडू, काखेत घडीचा फळा. “मी डॉक्टरांची मेहुणी. जर्मन शिकवते. विद्यार्थिनी उठली का?”

विद्यार्थिनी दात घासत बाहेर आली. “बाबा, ह्या कोण?”

“बाई आहेत.”

“ते दिसतंय मला.”

“तोंड धुऊन या,” बाई म्हणाल्या. “वडिलांनीही बसायला हरकत नाही. घरात सराव होतो.”

“बरोबर,” दादा म्हणाले आणि बसले.

तासाभरात दादांना जर्मनमध्ये सकाळचा नमस्कार आणि दहापर्यंतचे आकडे आले. मुलीला मात्र काहीच शिकता आले नाही, कारण ती पूर्ण वेळ वडिलांकडे बघत होती. बाई गेल्यावर तिने दार लावले.

“तुम्ही डॉक्टरांना जर्मनी पक्कं म्हणालात?”

“दाढी चालू होती गं.”

“मग?”

“हनुवटीखाली होतो.”

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. आयर्लंडमधल्या विद्यापीठाचे नाव बॅनरवर मावत नाही, नुसते आयर्लंड लिहिले तर चालेल का? आणि मागोमाग टेलरमामा बाह्यांची लांबी विचारायला आले, कारण कॅनडात म्हणे हात बाहेर ठेवायचीच सोय नव्हती. मुलीने दोघांनाही शांतपणे उत्तरे दिली. मग ती वडिलांसमोर स्टूल घेऊन बसली.

“म्हणजे तुम्ही बाजाराला तीन देश सांगितलेत. आणि मला एकही नाही.”

“तसं नाही गं...”

“मला खोटं नकोय, बाबा. तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा. चुकीचं असलं तरी चालेल.”

दादांनी तोंड उघडले. मग घड्याळाकडे बघितले, दुकानाची वेळ झाली म्हणाले आणि छत्री विसरून निघून गेले. पाऊस नव्हता, तरी छत्री विसरली याचे त्यांना वाटेभर वाईट वाटत राहिले. दुसऱ्या कशाचे वाईट वाटून घ्यायचे त्यांच्यात धाडस नव्हते.

दुपारी दुकानात दादांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. या आत्याबाई तीन तासांच्या अंतरावर राहत आणि भावाच्या घरावर तिथूनच लक्ष ठेवत. दादांनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. हातात वस्तरा होता, समोर एका गिऱ्हाइकाचा गाल.

“अरे, पोरीला सातासमुद्रापार धाडतोयस म्हणे!” आत्याबाई म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर आहे का? तुला कोण बघणार? आजारी पडलास तर पाणी कोण देणार? ते काही नाही. कुठंच जायचं नाही म्हणावं!”

“बरोबर, ताई,” दादा म्हणाले. “कुठंच नको.”

हे बोलल्यावर ते स्वतःच दचकले. हा बरोबर नेहमीचा नव्हता. तो आतून आला होता, म्हणूनच जरा मोठ्यांदा आला होता. त्यांनी आरशात बघितले. मागच्या बाकावर, मघापर्यंत नसलेला, जेवणाचा डबा होता. रोज डबा घेऊन येणारी पोरगी मात्र नव्हती.

संध्याकाळी घरी दोघे जेवले. पोरगी नीट जेवली, नीट बोलली, भांडी घासली. तक्ता भिंतीवरून काढलेला होता. दादांनी त्याबद्दल विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, एवढे त्यांना कळत होते.

गुरुवारी सकाळी दहाला मास्तर आठ माजी विद्यार्थी, एक पुष्पगुच्छ आणि बॅनर घेऊन दुकानात शिरले. शाळेचे सभागृह मिळाले नव्हते. दोन खुर्च्यांच्या दुकानात आरशावर बॅनर लागला. ‘आयर्लंडला निघालेल्या आमच्या सुकन्येचे अभिनंदन’. खुर्चीत एक परगावचा माणूस बसला होता. त्याचे डावीकडचे केस कापून झाले होते, उजवीकडचे राहिले होते. आरसा झाकल्यामुळे त्याला ते दिसत नव्हते.

“आयर्लंड?” दारातून आवाज आला. डॉक्टर होते, मागे जर्मनच्या बाई. आज विद्यार्थिनीने दार उघडले नाही, ही तक्रार घेऊन ते आले होते. “दादा, हे काय? तुम्ही जर्मनी पक्कं म्हणालात!”

“मला आयर्लंड पक्कं म्हणाले,” मास्तर म्हणाले. “मंगळवारी.”

“मला सोमवारी! माझा नंबर आधी!”

“अहो, हा काय दवाखाना आहे का नंबर लावायला?”

“बाजूला व्हा, बाजूला व्हा,” म्हणत टेलरमामा आत आले. त्यांच्याबरोबर कोट होता. कोट हातावर घेतला नव्हता, दोन्ही हातांनी कवेत धरून आणला होता. त्यांनी तो खाली ठेवला तर तो तसाच उभा राहिला. “कॅनडाची तयारी झाली. सत्कार इथंच का? बरं केलंत.”

“कॅनडा?” डॉक्टर आणि मास्तर एकदम ओरडले.

“नॉर्वे कसं आहे?” खुर्चीतल्या परगावच्या माणसाने सहज विचारले.

“बरोबर,” दादा म्हणाले.

“दादा!!”

या गोंधळात आत्याबाई पहिल्या गाडीतून उतरून, मोठी पिशवी घेऊन आत आल्या. फोनवर बोललेले भावाला पुरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी बॅनर वाचला, कोटाला माणूस समजून नमस्कार केला, आणि मग भावाकडे वळल्या.

“काल मला कुठंच नको म्हणालास, आणि आज हा तमाशा?”

“तुम्हालाही बरोबर म्हणाले का?” मास्तरांनी विचारले.

“म्हणजे? सगळ्यांनाच म्हणतो का हा?”

“मी कुठेच जात नाहीये,” पोरगी म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळले नव्हते. एका माजी विद्यार्थ्याने तिच्या हातात पुष्पगुच्छ देऊन टाकला, कारण त्याला तेवढेच काम दिले होते.

“तिन्ही ठिकाणी नाही कळवलं. मास्तर, मामा, डॉक्टर, तुम्हाला त्रास झाला, माफ करा.”

“शाब्बास!” आत्याबाई म्हणाल्या. “घरातलं कुणी तरी शहाणं निघालं. काय रे, आपलं ठरलंच होतं ना तसं?”

सगळे दादांकडे बघायला लागले. दादांनी हातातली कात्री खाली ठेवली. आता हातात काहीच नव्हते. कुणाच्या गळ्याशी पाते नव्हते, नाकाखाली वस्तरा नव्हता. कुठलीच सबब नव्हती.

“नाही,” दादा म्हणाले.

“काय म्हणालात?” मास्तरांनी कानाला हात लावला.

“नाही म्हणालो. ताई, काल फोनवर बोललो ते माझ्या मनातलंच होतं. अगदी आतलं. म्हणूनच ते ऐकायचं नाही. पोरगी जाणार.”

“कुठं?” तिघांनी एकदम विचारले.

“ते तिला विचारा! मला काय कळतंय त्यातलं? मी पलीकडच्या गावाला जाताना दोघांना विचारून गाडीत बसतो. मला फक्त एवढं कळतं की माझ्यासाठी ती इथं राहिली, तर मला रोज तिच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटेल.”

पोरगी बाकावर बसली. तिचा आवाज बदलला होता.

“मग काल का नाही बोललात? आता काय उपयोग? काल संध्याकाळीच कळवून टाकलं मी. आयर्लंडला एकच बटण होतं. दाबलं, संपलं. त्यांनी धन्यवाद म्हटलं.”

मास्तरांनी बॅनरची एक दोरी सोडली.

“कॅनडाला दोन बटणं होती. त्यांनी जास्त धन्यवाद म्हटलं.”

टेलरमामांनी कोटाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आणि जर्मनी?” डॉक्टरांनी अगदी हळू विचारले.

“जर्मनीला कारण हवं होतं. नकाराचं कारण भरल्याशिवाय फॉर्म पुढं जातच नाही. खाली यादी होती. दुसरीकडे प्रवेश. तब्येत. आर्थिक अडचण. इतर. मी इतर निवडलं. मग खाली चौकोन उघडला, सविस्तर लिहा म्हणून.”

“काय लिहिलंस?” दादांनी विचारले.

पोरीने पुष्पगुच्छाकडे बघत सांगितले, “लिहिलं की, माझे वडील कुणालाही नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून त्यांना एकटं सोडून येता येत नाही.”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते शेवटपर्यंत कळले नाही.

“आज सकाळी त्यांचं उत्तर आलंय. जर्मनमध्ये आहे. मी उघडलं आणि बंद केलं. धन्यवादच असणार.”

“आण इकडे,” जर्मनच्या बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि पोरीच्या मोबाईलवरचा मजकूर वर्गात वाचावा तसा वाचायला घेतला. एकेक ओळ त्या आधी जर्मनमध्ये आणि मग सगळ्यांना कळेल अशी सांगत होत्या.

“महोदया. आपण दिलेलं कारण आमच्या कुठल्याही प्रकारात बसत नाही. वडील कुणालाही नाही म्हणू शकत नाहीत, याचा पुरावा आपण जोडलेला नाही. त्यामुळे आपला नकार नामंजूर करण्यात आला आहे. प्रवेश कायम आहे. यावर अपील करायचं असल्यास सहा आठवड्यांच्या आत, आवश्यक कागदपत्रांसह. आपली, वगैरे वगैरे. खाली तिथल्या कुणा बाईंची सही आहे.”

“शिस्त!” डॉक्टर ओरडले. “सोमवारपासून सांगतोय मी, शिस्त!”

“पाऊस तिथंही पडत असेलच म्हणा,” मास्तर म्हणाले, आणि बॅनरवरच्या आयर्लंडवर कागद चिकटवता येईल का ते चाचपायला लागले.

“थंडी?” टेलरमामांनी बाईंना विचारले.

“भरपूर.”

“मग झालं तर!”

पोरगी मात्र वडिलांकडेच बघत होती. “बाबा, अपील करू?”

“पुरावा कुठून आणशील?” दादा म्हणाले. “आत्ताच एवढ्या लोकांसमोर नाही म्हणालो. आठ तर माजी विद्यार्थीच साक्षीला आहेत. तुझं कारण खोटं ठरलं बाळा. जा तू.”

पोरीने मान डोलावली. मग तिने पुष्पगुच्छ वडिलांच्या हातात दिला आणि दोन मिनिटे पाठमोरी उभी राहून बॅनर वाचत राहिली. बॅनरवर वाचण्यासारखे फार काही नव्हते.

आत्याबाईंनी पिशवी उचलून बाकावर ठेवली. “बरं. जाऊ दे तिला. पण तू एकटा राहणार नाहीस. मी आजच आलेय ते तयारीनं आलेय. आतली खोली मला दे. स्वयंपाकघर मी बघते. कायमची येते राहायला.”

पुन्हा सगळे दादांकडे बघायला लागले. दादांचा बहिणीवर जीव होता. पण बायको गेली तेव्हा ताई आठ दिवस राहिली होती. तेवढ्यात तिने बायकोने चिठ्ठ्या लावलेले सगळे डबे धुऊन, चिठ्ठ्या काढून, आपल्या क्रमाने लावले होते. त्यानंतर दादांना मीठ सापडायला सहा दिवस लागले होते. त्या सहा दिवसांत ते अळणी जेवले आणि कुणाला काही बोलले नाहीत.

“नाही, ताई,” ते म्हणाले.

“नाही? मला?” आत्याबाई बाकावर बसल्याच. “सख्ख्या बहिणीला? कारण काय ते तरी कळू दे!”

दादांनी कात्री उचलली, परगावच्या माणसाचे डोके उजवीकडे वळवले आणि थोडा विचार केला.

“इतर,” ते म्हणाले.